कर्लीच्या कांठचा मुलूख

नद्यांचें माहात्म्य वर्णावयाचें म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें गंगा, गोदा, कृष्णा याच उभ्या राहतात. कोंकणांतील नद्यांस पुराणांत फारसा मान नाहीं. शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकांत तर 'लहान, उथळ व वेगवान' या तीन विशेषणांत त्यांची बोळवण केलेली असते. आंबोलीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचें जें पाणी पूर्वेकडे वळतें, तें हिरण्यकेशी होऊन घटप्रभेस व पुढें कृष्णेस मिळतें आणि सारें द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरास जातें. तोच पाऊस कड्याच्या अलीकडे कोंकणांत उतरला, तर सरळ रेषेनें पन्नास-पंचावन किलोमीटरांत त्याचा प्रवास आटोपतो. एक पाणी तीर्थक्षेत्रें पाहात हिंडणाऱ्या यात्रेकरूसारखें, तर दुसरें परसांतील विहिरीपासून माजघरापर्यंत खेपा घालणाऱ्या गृहिणीसारखें. पण घर कोणाच्या जिवावर चालतें, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कर्ली ही अशीच एक घर सांभाळणारी नदी आहे. तिची व तिच्या दोन्ही कांठांच्या मुलुखाची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतु. कित्येक वाचकांस ती ओळख एका परीनें आधींच असेल. नेरूरकर, वालावलकर, धामापूरकर, कुडाळकर, परुळेकर, तेंडोलकर हीं आडनांवें मुंबई-पुण्याच्या कोणत्याहि शाळेच्या हजेरीपटावर आढळतात. हीं सारीं या खोऱ्यांतील किंवा त्याच्या लगतच्या गांवांचीं नांवें आहेत. आडनांव रोज सहींत लिहावें आणि तो गांव मात्र जन्मांत एकदांहि पाहूं नये, असें आपल्यांतील पुष्कळांचें झालें आहे.

पूर्वींच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्यास नांव मिळालें तें मालवणच्या समुद्रांतील किल्ल्याचें. उत्तरेस वाघोटन, मध्यें गड व कर्ली, दक्षिणेस गोव्याच्या सीमेवर तेरेखोल, अशा नद्यांनीं हा जिल्हा आडवा विणलेला आहे. कर्ली सह्याद्रीच्या पायथ्याशीं, मनोहरगड व मनसंतोषगड या जोडकिल्ल्यांच्या आसपासच्या डोंगरांत उगम पावते. आग्र्याहून सुटून आल्यानंतर इ. स. १६६७ च्या उन्हाळ्यांत शिवाजीमहाराजांचा मुक्काम या मनोहरगडावर सुमारें महिनाभर होता. शेजारच्याच माणगांव खोऱ्यांत इ. स. १८५४ मध्यें श्रीवासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामी यांचा जन्म झाला. तेथील दत्तमंदिरास जाणाऱ्या भाविकांच्या नजरेस हा हिरवा, दाट झाडीचा प्रदेश सहज पडतो.

डोंगर उतरून नदी कुडाळास येते, तेव्हां लोक तिला भंगसाळ म्हणतात. एकाच नदीस उगमाकडे एक नांव, मध्यें दुसरें व मुखाशीं तिसरें, ही कोंकणची जुनी रीत आहे. माहेरचें नांव सासरीं बदलावें तसेंच तें. कुडाळपर्यंत ती गोड्या पाण्याची, खडकाळ पात्राची, पावसाळ्यांत दांडगी व वैशाखांत केविलवाणी अशी असते. कुडाळाच्या खालीं मात्र तिचा स्वभाव पालटतो. पात्र रुंदावतें, वेग मंदावतो, आणि भरतीचें पाणी समुद्राकडून वर चढूं लागतें. नेरूर, वालावल, चेंदवण, कवठी, कोर्जाई हे गांव डाव्या कांठास. कळसें, धामापूर, देवली, तारकर्ली हे उजव्या अंगास. शेवटीं एका बाजूस देवबाग व दुसऱ्या बाजूस भोगवें यांच्यामधून ती अरबी समुद्रास मिळते.

या प्रवासांत एक गोष्ट ध्यानांत ठेवली, म्हणजे सबंध मुलुखाचा इतिहास व शेती यांची किल्ली हातीं येते. ती ही, कीं येथें मनुष्याचें सारें आयुष्य गोडें पाणी अडविण्यांत व खारें पाणी थोपविण्यांत गेलें आहे. तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस जेथें पडतो, आणि आंबोलीसारख्या ठिकाणीं तर वर्षाकाठीं सात हजारांच्या आसपास पडतो, तेथें पाण्याची वाण कसली, असें घाटावरच्या मनुष्यास वाटेल. याचें उत्तर पायांखालच्या दगडांत आहे. हा तांबडा, सच्छिद्र दगड म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश विद्वानानें मलबारांत हा दगड पाहून इ. स. १८०७ मध्यें त्यास विटेच्या लॅटिन नांवावरून शास्त्रीय नांव दिलें. जमिनींतून काढतांना तो मऊ असतो, कुऱ्हाडीनें तासतां येतो. हवा लागली कीं कठीण होतो. म्हणून कोंकणांत घरें, विहिरी, देवळें, गडगे, सर्व कांहीं जांभ्याच्या चिऱ्यांचें. पण हाच दगड चाळणीसारखा असल्यामुळें आषाढाचा पाऊस त्यांतून झिरपून जातो, आणि चैत्र संपतां संपतां सड्यावरच्या वाडींतील स्त्रियांस हंडा-कळशी घेऊन लांबची वाट धरावी लागते. चार महिने पाणी नको म्हणावें आणि चार महिने पाणी द्या म्हणावें, असा हा विलक्षण संसार आहे.

इतिहासाचीं पानें उलटलीं तर येथें मनुष्यवस्ती किती जुनी, याचा पुरावा दगडांपेक्षां तांब्यावर अधिक मिळतो. नेरूर येथें बादामीच्या चालुक्यांचे एकाहून अधिक ताम्रपट सांपडले. त्यांतील एक मंगलेश राजाच्या काळचा आहे. दुसरा आपल्या वाचक भगिनींस विशेष वाटेल असा आहे. दुसऱ्या पुलकेशीची सून व चंद्रादित्याची पत्नी विजयभट्टारिका हिनें सातव्या शतकांत स्वतःच्या नांवें दिलेल्या भूमिदानाचा तो लेख आहे. तिचाच आणखी एक लेख जवळच्या कोचरें गांवीं मिळाला. ज्या काळीं स्त्रियांच्या नांवानें राजशासनें निघाल्याचीं उदाहरणें हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं, त्या काळीं या आडबाजूच्या खोऱ्यांतील शेतें एका राणीच्या सहीशिक्क्यानें दिलीं-घेतलीं जात होतीं. दान झालें तें शेतजमिनीचें. म्हणजे तेव्हांहि येथें शेती होती व तिला मोल होतें. दक्षिणेस गोमंतकांत बांदिवडें येथें मिळालेल्या, सुमारें सहाव्या शतकांतील अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटांत तर खाजण जमिनीचा, म्हणजे खाडीच्या कांठच्या खारट जमिनीचा, स्पष्ट उल्लेख आहे. खाऱ्या पाण्यास बांध घालून भात पिकविण्याची विद्या या किनाऱ्यावर निदान दीड हजार वर्षांची जुनी आहे, हें यावरून दिसतें.

पुढें विजयनगर, नंतर विजापूरची आदिलशाही अशा सत्ता आल्या व गेल्या. कुडाळ हें देशमुखीचें ठिकाण. तेथील प्रभु देसायांकडून अधिकार हळूहळू वाडीच्या सावंतांकडे गेला. इ. स. १६६४ मध्यें शिवाजीमहाराजांनीं विजापूरचा सरदार खवासखान याचा पाडाव करून कुडाळ घेतलें आणि त्याच वर्षीं २५ नोव्हेंबर रोजीं मालवणाजवळच्या कुरटें बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. किल्ला १६६७ मध्यें पुरा झाला. सुमारें ४८ एकरांचें हें बेट. भोंवतीं अथांग खारें पाणी. पण आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींचें पाणी गोड. यांत चमत्कार नाहीं. बेटावर पडलेलें पावसाचें पाणी जमिनींत मुरतें आणि जड खाऱ्या पाण्यावर तरंगतें. बेताची खोल विहीर खणली तर तेंच हातीं येतें, लोभानें अधिक खोल गेलें तर मीठ लागतें. विहिरींस नांवें देतांना मात्र लोकांनीं दूध, दही व साखर आठवली, यावरून गोड्या पाण्याची या मुलुखांत काय किंमत होती हें उघड होतें. मालवण हें नांवच 'महालवण' यावरून आलें, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, मीठ व गोडें पाणी यांची झुंज लोकांच्या मनांत किती खोल रुजली आहे, याची ती साक्ष आहेच.

इ. स. १७६५ मध्यें इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें. तें टिकलें नाहीं, किल्ला कोल्हापूरकरांकडे परत गेला. १८१२ च्या तहानें मालवण कायमचें इंग्रजी अमलाखालीं आलें, आणि कुडाळ सावंतवाडी संस्थानांत राहिलें. त्यामुळें शंभर वर्षांहून अधिक काळ कर्लीच्या एका अंगास कंपनीचा व पुढें राणीचा अंमल, तर दुसऱ्या अंगास सरदेसायांचा, अशी स्थिति होती. होडीवाला मात्र दोन्ही राज्यांच्या प्रजेस एकाच दरानें तारी. संस्थानें विलीन झालीं, खोतीचा कायदा १९४९ सालीं झाला, कुळकायद्यानें १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्यास मालकी मिळूं लागली, आणि जमिनीचें जुनें नातें बदललें. त्याचा परिणाम काय झाला, याचा विचार पुढें करूं.

गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं कुडाळाहून देवबागेपर्यंत हें खोरें कांहीं वाटेनें, कांहीं होडीनें पाहिलें. कोंकण रेल्वे १९९८ सालीं सबंध सुरू झाल्यापासून मुंबईचा मनुष्य रात्रीं निजला कीं सकाळीं कुडाळास उतरतो. आमच्या आजोबांच्या पिढीस आगबोटीनें मालवण किंवा वेंगुर्लें गांठावें लागे, पडावांत उतरावें लागे, व समुद्र खवळला तर देवाचें नांव घ्यावें लागे. कुडाळांत जुनी घोडेबाव अद्यापि आहे. तिला घोड्यास पाण्यापर्यंत उतरतां यावें अशी उतरण आहे. शहर वाढलें, बाजार वाढला, पण त्या बावीच्या काठाशीं उभें राहिलें असतां स्वारांच्या राज्यांतहि पहिली चिंता पाण्याचीच असे, हें मनास पटतें. जवळच पिंगुळी हा गांव. तेथील ठाकर कलावंतांनीं चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जतन केली आहे. त्यांपैकीं परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्रीचा मान मिळाला.

कुडाळाहून मालवणची वाट नेरूरावरून जाते. नेरूरास कलेश्वराचें देवालय आहे. पुढें नेरूरपारचा पूल ओलांडला कीं उजव्या कांठास कळसें व धामापूर. या धामापुरांत आमचा सर्वांत अधिक वेळ गेला, कारण गोडें पाणी अडविण्याची विद्या येथें पाहावयास मिळते. इ. स. १५३० मध्यें, विजयनगरच्या अमलांत, नागेश देसाई या मांडलिकानें दोन टेकड्यांमधील घळीस बांध घालून येथें तलाव केला. तळ्याच्या कांठीं भगवतीचें देऊळ, भोंवतीं घनदाट राई, आणि पाण्यांत तिचें हिरवें प्रतिबिंब. पण सौंदर्याचें वर्णन करून थांबलों तर देसायांवर अन्याय होईल. तळें त्यांनीं शोभेकरितां बांधलें नव्हतें. तळें उंचावर, शेतें व बागा खालीं. पाणी पाटानें आपोआप उतरतें, त्यास मोट लागत नाहीं कीं पंप लागत नाहीं. त्यावर धामापूर व कळसें येथील भातशेती आणि माडा-पोफळींच्या बागा पोसल्या गेल्या. मालवण शहरासहि या तळ्याचें पाणी जातें. आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगानें २०२० सालीं या तलावाची जागतिक वारसा सिंचनस्थळांत गणना केली. पांचशें वर्षें होत आलीं तरी जें काम अजून आपलें काम करीत आहे, त्यास याहून निराळें प्रशस्तिपत्र कशाला हवें?

या तळ्याची एक दंतकथा तेथें सांगतात. गांवांत लग्न निघालें कीं फुलांची परडी पाण्यांत सोडावी, म्हणजे देवीकडून सोन्याचे दागिने वर येत. कार्य आटोपल्यावर ते परत करावयाचे. एका घरानें परत केले नाहींत, आणि त्या दिवसापासून देणें बंद झालें. कथेंतील सोनें कोणीं पाहिलें आहे? पण तळ्यानें दिलेलें पाणी, गाळ न काढतां व राई तोडून, परत न केल्यासारखें वागणारे लोक आज सर्वत्र दिसतात. जुन्या लोकांनीं अर्थशास्त्र कथेंत गुंडाळून ठेवलें होतें.

आतां शेतीकडे वळूं. या मुलुखांतील जमिनीचे स्थूलमानानें तीन प्रकार पडतात. वर सड्याची व डोंगरउताराची वरकस जमीन. तिच्यावर पूर्वीं नाचणी, वरी, कुळीथ होत, आतां बहुधा आंबा व काजू. मध्यें वाड्यांच्या आसपास बागायत. तेथें माड, पोफळ, त्यांच्या सावलींत केळ, मिरी, जायफळ, व कडेस भिरंडाचीं, म्हणजे ज्यांस वरच्या कोंकणांत रातांबे म्हणतात त्यांचीं, झाडें. आणि खालीं नदीच्या व वहाळांच्या कांठीं भाताचे मळे. ज्याच्या घरीं या तिन्ही जमिनी थोड्या थोड्या असत, त्याचें घर कितीहि खडतर वर्ष आलें तरी उपाशी राहात नसे. हा वाटणीचा शहाणपणा निसर्गानेंच शिकविलेला होता.

भाताचें वर्ष वैशाखांतच सुरू होतें. डोंगरांतून आणलेली कवळ, पाचोळा व शेण पसरून तरव्याची जागा भाजावयाची; मग मृगाचे पहिले थेंब पडले कीं पेरणी. वीस-पंचवीस दिवसांत तरवा हातभर वाढतो, तो उपटून चिखल केलेल्या कुणग्यांत लावावयाचा. आषाढाच्या त्या दिवसांत गांवांत एकहि मनुष्य घरीं सांपडत नाहीं. डोक्यावर इरलें, कमरेपर्यंत वांकलेली स्त्रियांची रांग, मेरेवरून ओरडणारा जोतकरी, आणि वरून अखंड धार. ज्यांनीं हें दृश्य पाहिलें आहे त्यांस ताटांतील भात टाकवत नाहीं. हस्त-चित्रांत पीक कापणीस येतें. त्यानंतर ज्यांच्या शेताजवळ वहाळाचें पाणी टिकतें, ते त्या वहाळास दगड-मातीचा तात्पुरता बांध घालून उन्हाळी भात करितात. त्याचें नांव वायंगण. मालवण व वेंगुर्लें या दोन्ही तालुक्यांत वायंगणी नांवाचे गांव आहेत. त्यांचें नांव या पिकावरूनच पडलें असावें असें दिसतें. जेथें वायंगण होत नाहीं तेथें ओलीवर कुळीथ किंवा चवळी. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज व भिरंडाच्या सोलांची कढी, एवढ्यावर या मुलुखाच्या कित्येक पिढ्या धट्ट्याकट्ट्या झाल्या. वालय नांवाच्या जुन्या तांबड्या भाताची पेज ज्यानें आजोळीं खाल्ली आहे, त्यास तिची चव मुंबईच्या पांढऱ्याशुभ्र तांदळांत कधीं सांपडत नाहीं.

पण या खोऱ्यांतील शेतकऱ्याची खरी परीक्षा खाडीच्या कांठीं होते. कर्लीच्या दोन्ही अंगांस, जेथवर भरतीचें पाणी पोंचतें तेथवर, खार जमिनी आहेत. येथें शेताच्या व खाडीच्या मध्यें मातीचा व दगडांचा बांध घालतात. त्यास ठिकठिकाणीं दारें असतात, त्यांस उघाडी म्हणतात. गोव्यांत त्यांसच मानस असें नांव आहे. उघाडीचें लाकडी दार अशा युक्तीनें बसविलेलें असतें कीं भरतीचें पाणी बाहेरून दाबलें म्हणजे तें आपोआप मिटतें, आणि ओहोटीच्या वेळीं शेतांतील पावसाच्या पाण्याचा दाब आंतून आला म्हणजे तें आपोआप उघडतें. समुद्रास दाराशीं द्वारपाळ म्हणून बसविणारी ही युक्ति ज्या अज्ञात मनुष्यानें काढली, त्यास कोणत्याहि विश्वविद्यालयाची पदवी नव्हती. पावसाचें गोडें पाणी पहिले कांहीं आठवडे शेतांतून धुऊन काढलें म्हणजे माती भातास योग्य होते. बांधाची डागडुजी हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. एका ठिकाणीं भगदाड पडलें तर सर्वांचीं शेतें जातात. म्हणून पूर्वीं वाडींतील प्रत्येक घरानें माणूस द्यावयाचा, असा शिरस्ता असे. सरकारनेंहि १९४८ सालीं व पुन्हां १९७९ सालीं खार जमिनींकरितां स्वतंत्र कायदे केले, आणि कित्येक बांध सरकारी योजनांत आले. पण सरकारी बांध झाला तेव्हां तो कोणाचाच राहिला नाहीं, हें दुःख सर्वत्र ऐकूं येतें.

अशाच एका फुटक्या बांधावर आम्हांस एक वृद्ध शेतकरी भेटला. पलीकडे पांच-सहा एकरांवर भाताऐवजीं चिपीचीं झाडें व लव्हाळा माजला होता. आम्हीं विचारलें, हें असें कधींपासून? तो हंसून म्हणाला, "तात्यानू, बांध फुटाक एक रात पुरता, पण माती गोडी व्हावक तीन वर्सां जातत. आणि तीन वर्सां थांबतलो कोण? माझो झील मुंबयक, तुमचोव मुंबयकच असतलो." या शेवटच्या वाक्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. शेतें कोणाचीं, असें पुढें विचारतां त्यानें तीन घराण्यांचीं नांवें घेतलीं. तिन्ही घरांस कुलुपें होतीं.

कोर्जाईच्या बाजूनें होडींत बसलों तेव्हां ओहोटी लागली होती. कांठच्या माडांच्या सावल्या पाण्यांत लांबत होत्या, कांहीं बायका गुडघाभर पाण्यांत उभ्या राहून तिसरे गोळा करीत होत्या. आमच्या सोबत्यांत कऱ्हाडे होते तसे सारस्वतहि होते, त्यामुळें या तिसऱ्यांविषयीं होडींत दोन पक्ष तत्काळ झाले, हें सांगितलेंच पाहिजे. वालावल मागें राहिलें. तेथील लक्ष्मीनारायणाचें कोरीव देवालय व त्यास लागून असलेलें तळें पाहावयास एक अख्खा दिवस हवा. कार्तिकापासून या गांवांतून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि रात्रभर दशावतारी नाटकें होतात. वालावल, चेंदवण या गांवांचीं नांवें लावणाऱ्या दशावतारी मंडळींनीं गणपति, संकासुर व पुराणांतील राजे यांस या शेतकऱ्यांच्या अंगणांत आणून उभें केलें. ज्यानें दिवसा भात झोडलें तोच रात्रीं राजा होऊन रंगपटावर येतो, हें येथें कोणास नवल वाटत नाहीं.

मुखाजवळ देवबाग ही भूमीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका हातास कर्ली, दुसऱ्या हातास अरबी समुद्र, आणि मध्यें माडांच्या बनांत घरें. नदीनें आणलेली वाळू व समुद्रानें परत लोटलेली वाळू यांच्या देवाणघेवाणींतून अशी पट्टी तयार होते, आणि त्याच देवाणघेवाणीवर ती टिकते. मुखाशीं वाळूचें एक बेट आहे; २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तें वर आलें असें लोक सांगतात, म्हणून त्यास त्सुनामी बेट असेंच नांव पडलें आहे. हल्लीं तेथें प्रवाशांची झुंबड असते. पाण्याखालचीं प्रवाळें पाहावयास लोक येतात, घरोघरीं राहण्याजेवण्याची सोय झाली आहे, आणि पूर्वीं रापण ओढणाऱ्या कुटुंबांस चार पैसे मिळूं लागले आहेत. त्याचें कोणास वाईट वाटावें? परंतु पावसाळ्यांत समुद्र देवबागेचा कांठ खात आहे, दगडांचे बंधारे घालूनहि लोकांस स्वस्थ झोंप नाहीं. खाडीच्या पोटांतून वाळू उपसून बांधकामास नेली, तर कांठ कशाच्या आधारावर उभा राहील, हा प्रश्न विचारावयास भूगर्भशास्त्री असण्याची आवश्यकता नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. २००१ सालच्या शिरगणतींत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्यें ती ८,४९,६५१ झाली. सारा देश वाढत असतां येथें दहा वर्षांत १९,१७४ माणसें कमी झालीं. हे लोक मेले नाहींत, गेले. मुंबईनें कोंकणास पैसा दिला हें खरें. पण त्याच्या बदल्यांत तरुण हात घेतले. भात हें हातांचें पीक आहे. त्याची लावणी, कापणी, बांधबंदिस्ती मनीऑर्डरीनें होत नाहीं.

याहूनहि एक अडचण आहे, आणि ती प्रस्तुत मासिकाच्या वाचकांच्या घरांतली आहे. या खोऱ्यांतील पुष्कळशा पड जमिनींचे सात-बारा उतारे पाहिले, तर त्यांवर पंचवीस-तीस नांवें सामायिक आढळतात. आजोबांच्या पश्चात् वांटणी झाली नाहीं. चुलते कोणी पुण्यास, कोणी बडोद्यास, कोणी परदेशांत. आत्यांचीं व मावश्यांचीं नांवें लागलीं कीं नाहींत याचा घोळ वेगळाच. गांवांतला कोणी कष्टाळू मनुष्य जमीन करावयास मागतो, तर कुळ लागेल या धास्तीनें कोणी होय म्हणत नाहीं. आणि स्वतः करावयास कोणी जात नाहीं. शेवटीं बाहेरचा दलाल येतो, सर्वांच्या सह्या जमवितो, आणि ज्या भावाभावांचें बांध दुरुस्त करण्याकरितां एकमत होत नव्हतें, त्यांचें विकण्याकरितां एका आठवड्यांत होतें. ही निंदा नव्हे. आमच्या परिचयाच्या अनेक सज्जन घरांची ही कथा आहे.

उपाय दुर्मिळ आहेत असें नाहीं. दापोलीच्या कृषि विद्यापीठाची स्थापना १९७२ मध्यें झाली. त्याच्या वेंगुर्लें येथील फळसंशोधन केंद्रानें रत्ना व सिंधु हे आंबे आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारखे काजू दिले. सड्यावरची जी जमीन आमच्या पणजोबांनीं नापीक म्हणून सोडली होती, ती त्या कलमांनीं सोन्याची केली. काजू तर मुळांत पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझिलांतून आणलेला पाहुणा. आज त्याच्यावांचून या जिल्ह्याची कल्पना करवत नाहीं. परंतु कलमें लावून देऊन मालकास मुंबईस परत जातां येतें. भाताच्या मळ्यास तें चालत नाहीं. म्हणूनच वरच्या सड्यावर बागा वाढल्या आणि खालचे मळे, जे हजार-दीड हजार वर्षांच्या श्रमाचें फळ, ते ओस पडले. सड्यावरचें कलम चुकलें तर पुढच्या वर्षीं दुसरें लावतां येईल. खाडीनें गिळलेला मळा परत घेणें हें एका घराच्या आवांक्यांतलें काम नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं अशी सामायिक जमीन आहे, त्यांनीं एवढें तरी करावें. गणपतीस किंवा शिमग्यास गांवीं जाणें होतें, तेव्हां घरांतील सर्व शाखांनीं एकत्र बसावें; उताऱ्यावरचीं नांवें नीट करून घ्यावीं; वकिलाच्या सल्ल्यानें स्वच्छ लेखी करार करून जमीन गांवांतील करणाऱ्यास द्यावी, अथवा एका भावास सर्वांनीं मुखत्यारी द्यावी; आणि वाडीच्या बांधाच्या खर्चांत आपला वाटा न मागतां पोंचवावा. खंडाची अपेक्षा करूं नये. वर्षास एक मण वालय तांदूळ घरीं आला तरी पुष्कळ. मुलांस एकदां तरी लावणीच्या दिवसांत तेथें न्यावें. ज्या आडनांवानें तीं शाळेंत ओळखलीं जातात त्या गांवच्या चिखलांत त्यांचे पाय एकदां तरी बुडूं द्यावेत.

विजयभट्टारिकेनें दान दिलेली जमीन कोणत्या कुणग्यांत होती, हें आज कोणीं दाखवूं शकत नाहीं. तिचे वारस कोण, हेंहि विचारण्यांत अर्थ नाहीं. पण तिच्या काळापासून आजवर ज्या ज्या पिढीनें त्या जमिनींतलें मीठ धुऊन काढून भात लावलें, ती ती पिढी तिची खरी वारस ठरली. हा वारसा उताऱ्यावरच्या नांवानें मिळत नाहीं. तो बांधावर मातीची एक पाटी टाकण्यानें मिळतो, आणि ती टाकण्यास अद्यापि वेळ गेलेली नाहीं.